बुधवारची अर्धी

कावळ्याइतका कृतघ्न पक्षी जगात दुसरा नसेल. माझ्या बायकोने, वनमालेने, भांडुपच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत वर्षानुवर्षं कावळ्यांना जेवू घातलं. आधी त्यांचा घास, मग माझं ताट. मी कुरकुरलो तर म्हणायची, "तुम्हाला भूक लागली तर तोंड आहे मागायला. ते मुकं पाखरू." मुकं कसलं, कोकलून कोकलून बिल्डिंग डोक्यावर घ्यायचे. आणि तिच्या दहाव्याला, पवई तलावाच्या काठी पिंड मांडून आम्ही ताटकळत उभे, तर एकाही काळतोंड्याला खाली उतरावंसं वाटेना.

सकाळची वेळ होती. भटजींनी भाताचे पिंड मांडले, त्यावर दही आणि तीळ घातले. बाजूला पानावर वनमालेच्या आवडीचं एकेक ठेवलं: काळ्या वाटाण्याची उसळ, शेवयांची खीर आणि कपात चहा. चहा तिला फार लागायचा. मग आम्ही मागे सरकलो आणि झाडाकडे बघत राहिलो. झाडावर कावळे नव्हते असं नाही, चांगले भरपूर होते. माना वाकड्या करून आमच्याकडे बघत होते आणि पुन्हा आपल्या पिसांत चोच खुपसत होते.

शेजारी दुसऱ्या कुणाचं तरी दहावं चाललं होतं. त्यांनी पिंड ठेवला न ठेवला तोच कावळ्यांची झुंबड. त्यांच्यातला एक माणूस आमच्याकडे बघून हात जोडत होता, जसा काय रिझल्ट लागला आणि त्याचा पोरगा पहिला आला. मला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली.

आमच्यात मानतात, दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की माणूस समाधानाने गेलं. नाही शिवला तर त्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग घरच्यांनी एकेक करून पुढे व्हायचं, जे काही राहिलं असेल ते पुरं करतो असं मोठ्याने कबूल करायचं आणि बाजूला व्हायचं. नेमकं ते बोललं गेलं की कावळा येतो म्हणतात. मी चांगली पस्तीस वर्षं औषधाच्या कंपनीत पॅकिंग खात्यात काढलेला माणूस, शास्त्रबिस्त्र मला कळत नाही. पण माझ्या बापाच्या पिंडाला कावळा आलेला मी डोळ्यांनी बघितला होता, आणि बायकोच्या पिंडाला यावा असं मला फार वाटत होतं. इतकं वाटत होतं की झाडावरून नजर हटत नव्हती.

पहिला पुढे झाला दशरथ, वनमालेचा धाकटा भाऊ. रात्रीच्या गाडीने कणकवलीहून आलेला, गळ्यात तुळशीची माळ, डोळे सुजलेले. हात जोडून म्हणाला, "बाये, काळजी करू नको. गावचा घर आमी पडाक देवचंव नाय. तुझ्या चेडवाक माहेर आसा." सगळे झाडाकडे बघायला लागले. झाडावर काही हललं नाही.

मग श्रुतिकाचे सासरे पुढे आले. श्रुतिका म्हणजे दशरथ म्हणाला ते चेडू, आमची एकुलती एक मुलगी, पार्ल्याला दिलेली. सासऱ्यांचं नाव राजाराम. पार्ल्याचे ते, बोलणं एकदम स्वच्छ. म्हणाले, "वहिनी, श्रुतिका आमच्याकडे सून म्हणून नाही, मुलगी म्हणून आहे. आपण निश्चिंत असा." वाक्य सुंदर होतं. कावळ्यांना पटलं नाही. मग बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, मंडळाचं हळदीकुंकू बंद पडू देणार नाही. त्यानेही काही झालं नाही. जावई हर्षद गाडीतून फरसाणाचं पाकीट घेऊन आला आणि मूठभर पिंडाभोवती टाकून बघितलं. एक कुत्रा आला. त्याला हाकलता हाकलता भटजींचं धोतर चिखलात गेलं.

श्रुतिका एका बाजूला डोळे मिटून उभी होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"भावोजी, आता तुमीच बोला," दशरथ मला म्हणाला. "तिचा काय रवला ता तुमकाच म्हायत."

मला माहीत होतं. तिथेच तर सगळी गोची होती.

तर आता सांगायलाच हवं. वनमाला आणि मी दर बुधवारी संध्याकाळी घरात बसून वाइन प्यायचो. हे एवढं सांगतानाही मी दाराकडे एकदा बघून घेतलं.

झालं असं, की रिटायर झाल्यावर मी आणि कंपनीतले दोघे-तिघे स्टेशनजवळच्या परमिट रूममध्ये बसायला लागलो. आधी फक्त शनिवारी. मग शनिवार मंगळवारीही यायला लागला. आधी बियर होती, मग क्वार्टर आली. घरी येताना मी बडीशेप चावत यायचो आणि मला वाटायचं कुणाला कळत नाही. वनमाला कधी भांडली नाही. भांडली असती तर मला बरं पडलं असतं, मीही भांडलो असतो. तिच्या माहेरी दारूने घर धुऊन नेलं होतं. तिचा बाप पिऊन गेला, जाण्याआधी कलमांची बाग गेली, आई लोकांच्या शेतात राबायला गेली. दशरथने माळ घातली ती त्यामुळेच. त्या घरात 'दारू' हा शब्द अजूनही आवाज खाली करून बोलतात.

एके दिवशी मी बाहेर पडायच्या तयारीत होतो, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "थंय कित्या जातास? घराक घेवन येवा."

मला वाटलं टोमणा आहे.

"खरा सांगतंय. पण ती घाणेरडी नको. वाइन हाडा. आणि माका पण व्हयी, अर्धी तुमची नि अर्धी माझी."

मी चाट पडलो. ही बाई एकादशीला कांदा खात नाही आणि वाइन पिणार! पण तिने पुढचं सगळं ठरवूनच ठेवलं होतं. वार बुधवार, म्हणजे मच्छीचा वार. बाटली छोटी, हाफ म्हणतात ती. दोघांत संपवायची, बाहेर बसायचं नाही आणि पुढच्या बुधवारपर्यंत विषय बंद. मी म्हटलं, बघू तरी. पहिल्या बुधवारी आणली.

बाटली आणायला मी मुलुंडला जायचो. भांडुपच्या दुकानासमोर आमच्या ओळखीची निम्मी माणसं भाजी घेत असतात. मुलुंडच्या दुकानात सगळ्यांत खालच्या फळीवर एक नाशिककडची, गोडसर, लाल वाइन असायची. सगळ्यांत स्वस्त तीच. दुकानदार मी दिसलो की न विचारता वाकायचा. बाटली कापडी पिशवीत आणि वर कोथिंबिरीची जुडी. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना वाटायचं, काय हा माणूस, कोथिंबिरीसाठी मुलुंड गाठतो.

संध्याकाळी पडदे ओढायचे, टीव्हीवर तिची मालिका मोठ्याने लावायची, तव्यावर बांगडे. मी दोन पेल्यांत ओतायचो. ती लगेच म्हणायची, "ठेवा बघू बाजूबाजूक. तुमचो पेलो भरलेलो दिसता." मग दोन्ही पेले ओट्यावर शेजारी ठेवून ती वाकून, डोळा बारीक करून बघायची. भावाभावांत बांध घालताना इतकं कुणी बघत नसेल. माझ्यातली थोडी तिच्यात जायची, तेव्हा कुठे आम्ही बसायचो. पहिला घोट घेताना ती डोळे घट्ट मिटायची, तोंड आवळायची. मला वाटायचं, चव घेतेय.

आणि मग बाई बोलायला लागायची. एरवी वनमाला म्हणजे मोजून बोलणारी, बिल्डिंगमध्ये कुणाचं भांडण मिटवायचं असेल तर तिला बोलवायचे. बुधवारी मात्र ती माझ्या आईची नक्कल करायची. पदर नाकाला लावून, मान हलवत: "धाकू, तुझी बायको चाय करता, ती गाळणीतसून गाळता की पदरातसून रे?" हुबेहूब. आई जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी कधीकधी दचकायचो. हसता हसता वनमालेच्या डोळ्यांत पाणी यायचं. खरं सांगतो, आमच्या लग्नाची पहिली वर्षं चाळीत बारा माणसांत गेली, नंतरची कामात. तिच्यासोबत बसून हसायला मला साठी ओलांडावी लागली. परमिट रूम आपोआप सुटली. मित्र म्हणाले, धाकू बायकोच्या पदराखाली गेला. गेलो होतो. तिथे बरं होतं.

त्या शेवटच्या बुधवारी सकाळी तिने बांगड्यांना मसाला लावून ठेवला. मला म्हणाली, "आज लवकर जावा मुलुंडाक, पावसाचा काय खरा नाय." दुपारी भांडी घासता घासता खाली बसली. म्हणाली, छातीत भरून आल्यासारखं वाटतंय. मी आणि शेजारच्या गंधालीने तिला रिक्षात घातलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी जे करायचं ते केलं असेल, मला काही दिसलं नाही. मला फक्त तिच्या हाताला लागलेला भांड्यांचा साबण दिसत होता, तो कुणी पुसला नव्हता. संध्याकाळी पडदे ओढायच्या वेळेला ती घरी आली ती हॉस्पिटलच्या गाडीतून. बांगडे फ्रीजमध्येच राहिले. गंधालीने नंतर कधीतरी गुपचूप टाकून दिले.

म्हणून पवईला मला पक्कं माहीत होतं. बाईचा बुधवार राहिला होता.

पण हे बोलायचं कुणासमोर? दशरथसमोर, ज्याच्यासाठी ताई म्हणजे देव्हारा? व्याह्यांसमोर, ज्यांच्या घरी हर्षदने बियर घेतली तरी ती गच्चीवर लपून? बिल्डिंगमधल्या बायकांसमोर, ज्या तिला हळदीकुंकवाला पहिला मान द्यायच्या? पुरुष पितो म्हटलं की लोक नावं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच चहाला येतात. बाई पिते म्हटलं की झालं. मग ती एक पेला पीत होती की एक बादली, हे कुणी विचारत नाही. आणि जिवंत बाई निदान उलट बोलू शकते. वनमालेला आता ती सोय नव्हती. तिची अब्रू म्हणजे आता फक्त मी आणि माझं तोंड.

पुढे झालो. हात जोडले आणि मनातल्या मनात म्हटलं, वनमाला, कळलं गो मला. तुझा पेला भरून ठेवीन. माझ्यापेक्षा कणभर जास्त ओतीन, बस? ये आता.

काही नाही.

"मोठ्यान बोला, भावोजी," मागून दशरथ म्हणाला. "मनातला तिका कसा ऐकाक येतला?"

मी पुटपुटलो. माझं मलाच ऐकू आलं नाही. ऊन चढायला लागलं. भटजींनी मोबाइलमध्ये वेळ बघितली, त्यांचं दुसरं काम खोळंबलं होतं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, असं होतं हल्ली. सकाळपासून खाऊन खाऊन पोटं भरलेली असतात त्यांची. दर्भाचा कावळा करून शिवतो. शास्त्रात सोय आहे."

शास्त्रात सगळ्याचीच सोय असते. पण दर्भाचा कावळा म्हणजे काय, तर गवताची जुडी वळायची आणि पिंडाला टेकवायची. माझ्या बायकोची एवढीशी इच्छा, तीही मला ठाऊक असलेली, आणि तिला मी गवताने गप्प करून पाठवायचं? लोक काय म्हणतील म्हणून? ती जन्मभर लोकांना सांभाळून राहिली. निदान जाताना तरी कुणी तिची बाजू घ्यायला नको? माझं डोकं फिरलं. भटजी दर्भ वळायला खाली बसले आणि मी ओरडलो.

"वनमाला! तुझा बुधवार राहिला, मला माहीत आहे! दर बुधवारी तुझा वाइनचा पेला भरून ठेवीन! एक बुधवार चुकवणार नाही! ये!"

तलावावर आवाज लांब जातो. शेजारच्या दहाव्यातला तो हात जोडणारा माणूससुद्धा वळून बघायला लागला. आमच्यातलं कुणीच झाडाकडे बघत नव्हतं, सगळे माझ्याकडे बघत होते. बायकांतल्या एकीने तोंडाला पदर लावला. हर्षद खाली चपलांकडे बघायला लागला. श्रुतिकाने डोळे उघडले होते.

मी एकटा झाडाकडे बघत होतो. एक कावळा उडाला. तो खाली आला, आमच्या पिंडापासून हातभर अंतरावर उतरला, दोन उड्या मारल्या, मान तिरकी करून कपातल्या चहाकडे बघितलं आणि शेजारच्यांच्या पानावर जाऊन त्यांची उरलेली भजी उचलून निघून गेला.

त्यानंतर भटजींनी दर्भाचा कावळा शिववला. मी बघितलं नाही.

घरी जेवणं झाली. कुणी काही बोललं नाही, म्हणजे माझ्यासमोर बोललं नाही. स्वयंपाकघरातून बायकांची कुजबुज येत होती आणि मी पाणी प्यायला उठलो की थांबत होती. एकदा नीट ऐकू आलं: "बघा, जीव कशात अडकला होता. आणि आपण हळदीकुंकू कबूल करत होतो." त्यावर दुसरी खुदकन हसली. माझी बायको जाऊन दहा दिवस झाले होते, आणि तिच्या स्वयंपाकघरात तिच्यावर हसायला मीच त्यांना विषय दिला होता.

राजारामभाऊ निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "धाकूभाऊ, दुःखात माणूस काहीही बोलून जातं. आम्ही काही ऐकलं नाही असंच समजा." भला माणूस. त्यापेक्षा त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दशरथ जेवलाच नाही. पिशवी उचलून दाराशी उभा राहिला. "माझ्या बायन आमच्या बापाशीच्या बाटल्यो फोडल्यान्, भावोजी," तो म्हणाला. "दहा वर्षांची होती. मार खाल्ल्यान्, पण फोडल्यान्. आणि तिका तुमी..." तो वळला. लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरून गेला. मी हाक मारायला दारापर्यंत गेलो आणि काय म्हणून हाक मारायची ते न सुचून परत आलो.

संध्याकाळी घरात मी आणि श्रुतिका दोघंच उरलो. हर्षद वडिलांना घेऊन पार्ल्याला गेला होता, ती रात्रीपुरती थांबली होती. तिने चहा केला, माझ्यापुढे ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"बाबा, काय बोललात तुम्ही तिथे?"

"खरं तेच बोललो. तिला जे आवडायचं ते."

"आईला वाइन आवडायची नाही."

मी हसलोच. "तुला काय माहीत? तू होतीस का बुधवारी?"

"गुरुवारी मला फोन यायचा तिचा. सकाळपासून डोकं धरलंय म्हणायची. जुन्या औषधासारखी लागते म्हणायची, घोट घेतला की अंगावर काटा येतो." श्रुतिका माझ्याकडे न बघता बोलत होती. "मी विचारलं, मग पितेस कशाला? तर म्हणाली, 'मी अर्धी घेतंय म्हणान तेंका अर्धीच मिळता. मी नको म्हटलंय तर आख्खी तेंचीच.'"

चहावर साय धरायला लागली होती. मी ती बोटाने बाजूला केली.

"ती हसायची," मी म्हटलं. "आजीची नक्कल करायची."

"ती माझी वेणी घालतानाही करायची बाबा. मी शाळेत असल्यापासून."

हे मला माहीत नव्हतं. माझ्याच आईची नक्कल, माझ्याच घरात, इतकी वर्षं. मी कंपनीत असायचो.

"खोटं सांगितलं असेल तुला," मी म्हटलं. "कुठली आई मुलीला सांगेल की मला वाइन आवडते म्हणून? काहीतरी कारण द्यायचं म्हणून दिलं असेल. तू बघितलं नाहीस तिला. पेला शेजारी ठेवून थेंब थेंब मोजून घ्यायची. आवडत नाही ती बाई कशाला आपला वाटा मोजेल?"

मी हे बोललो आणि बोलता बोलताच मला कळलं की ती कुणाचा वाटा मोजत होती.

"असेलही आवडत," श्रुतिका म्हणाली. ती दमली होती. "तुम्ही म्हणता तसंही असेल. आता कुणाला विचारणार?"

खरंच कुणाला विचारणार? इतके बुधवार समोर बसलेली बाई. तिला बांगड्याचं डोकं आवडतं की शेपटी, हे मला माहीत. पण पेला तिने का उचलला ते मला सांगता येईना. तोंड आवळायची ते आठवत होतं, हसायची तेही आठवत होतं. दोन्हींतलं खरं कुठलं ते काही केल्या ठरेना. कदाचित दोन्ही खरी असतील. आणि मी मात्र चारचौघांत ओरडून तिला तिच्या बापाच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. कशासाठी, तर जे तिला बहुतेक नकोच होतं त्यासाठी. मला रडू आलं. श्रुतिकासमोर रडायचं नव्हतं, पण आलं.

तिने मला रडू दिलं. थोड्या वेळाने मीच विचारलं, "तू काय पुटपुटत होतीस तिथे?"

"तेच. म्हटलं, आई, बाबांच्या पिण्याकडे मी बघेन. तू जा."

"मग मोठ्याने का नाही बोललीस?"

"मोठ्याने?" तिचा आवाज चढला. "माझ्या सासऱ्यांसमोर? माझ्या बाबांवर लक्ष ठेवायला लागतं, म्हणून आईचा जीव अडकलाय, असं ओरडून सांगू? तुमचं नाव घालवू?"

मला राग आला. कुणाचा ते कळेना. तिचा, माझा, त्या भजी पळवणाऱ्या कावळ्याचा. जे बोलायला नको ते मी बोंबलून सांगितलं आणि बोलायचं ते हिने माझ्यासाठी गिळलं. मधल्यामध्ये वनमाला तशीच ताटकळली आणि शेवटी गवताच्या जुडीवर तिची बोळवण झाली.

"आता बोल," मी म्हटलं. "पिंड नसो, काही नसो. मोठ्याने बोल. ऐकत असेल तर ऐकेल."

श्रुतिकाने तोंड उघडलं. मग मान हलवली. "काय बोलू बाबा? मी पार्ल्याला, तुम्ही इथे. सकाळी आठला निघते, रात्री घरी येते. मी काय बघणार आहे? तिथे बोलून गेले, पण ते काही खरं नव्हतं. कावळा आला नाही ते बरोबरच होतं." तिने डोळे पुसले आणि प्रथमच माझ्याकडे सरळ बघितलं, अगदी तिच्या आईसारखं, डोळा बारीक करून. "तुम्हीच सांगा ना. येत्या बुधवारी मुलुंडला जाल?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "जाईन."

"मग किती प्याल?"

"अर्धी," मी म्हटलं.

"आणि उरलेली?"

मी चहाचा कप उचलला, तो पार निवला होता. श्रुतिका उत्तराची वाट बघत उभी होती, आणि मी ओट्यावरच्या दोन पेल्यांकडे बघत होतो.